तीन कुलपांचं दार

महालातल्या आजीच्या घराला तीन कुलपं होती. लाकडी दाराच्या वरच्या कडीला बाबांचं, खालच्या कडीला काकांचं आणि बाहेरच्या लोखंडी जाळीला आत्याचं. तिन्ही आपापलं काम चोख करत होती. म्हणूनच 23 सप्टेंबर 2023 च्या सकाळी आजीचं घर आतून भिजत होतं आणि बाबा हातात चाबी घेऊन बाहेर उभे होते.

ती रात्र नागपुरात कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी लोकांच्या घरांत शिरली, माणसं गेली. आमच्या गल्लीत नदी आली नाही. आमच्याकडे पाणी वरून आलं. मधल्या खोलीवरचे कवेलू सरकले होते. शेजारच्या काकूंनी पहाटे पाचला फोन केला, "भाऊ, तुमच्या घरात धार लागून राहिली. आवाज इथपर्यंत येते."

बाबा पाण्यातून वाट काढत पोचले. जाळीतून हात घालून त्यांनी स्वतःचं कुलूप काढलं, आणि तिथेच थांबले. काकांचा फोन बंद होता. आत्या अमरावतीला, तिची चाबी तिच्या कपाटात, दीडशे किलोमीटर दूर. गल्लीतली पोरं म्हणाली, फोडून टाकू. बाबा म्हणाले, "नको. उद्या म्हणतील, यानंच फोडलं." मग त्यांनी आपलं कुलूप परत लावलं आणि घरी आले.

मी तेव्हा पुण्यात होते. आईनं दुपारी फोनवर हे सांगितलं. मला पावसापेक्षा त्या शेवटच्या गोष्टीचं जास्त वाटलं. दार उघडणार नाही हे कळल्यावरही बाबांनी आपलं कुलूप परत लावलं होतं.

दसऱ्याला घरी आले तेव्हा महिना उलटला होता. दार बंदच होतं.

भांडण कशावरून, हे सांगायला फार काही नाही. आजी 2022 च्या मार्चमध्ये गेली. घर तिच्या नावावर. मृत्युपत्र नाही. म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिन्ही मुलांचा सारखा वाटा. विकायचं की ठेवायचं, यावर तेराव्याच्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं हे प्रत्येकजण वेगळं सांगतो. त्यानंतर कधीतरी दारावर काकांचं कुलूप आलं आणि मग आत्याचं. आमच्या घरात हे असंच सांगितलं जायचं. "त्यानं कुलूप लावलं. मग तिनंही लावलं." मी दीड वर्ष हे ऐकत होते, आणि या वाक्यात काय गाळलंय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा उपाय सोपा होता. बर्डीवर फुटपाथला एक चाबीवाले काका बसतात. लाकडी पेटी, छोटा शिकंजा, तीन-चार कानशी आणि तारेच्या कड्यांत ओवलेल्या शेकडो कोऱ्या चाब्या. शाळेत असताना माझ्या सायकलची चाबी त्यांनीच करून दिली होती. मी म्हटलं, "काका, दोन कुलपं उघडायची आहेत. महालात."

"कोनाची हायेत?"

"घरचीच."

"घरची म्हंजे कोनाची, ताई?"

मी सांगितलं. त्यांनी कानस खाली ठेवली. "ज्याचं कुलूप त्यानं समोर उभं राहावं. मी दोन मिनिटांत खोलून देतो. तुमी म्हनाल घरचं काम, ते म्हनतील चोरी. मंग मी कुठं जाऊ?"

मला राग आला, पण उठले नाही. ऊन मावळत होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी फोनमध्ये तिन्ही कुलपांचे फोटो काढून आणले होते ते दाखवले. त्यावर मात्र ते खुलले. पेटीच्या तळातून त्यांनी एक कुलूप काढलं, अर्ध्यातून कापलेलं. शिकाऊ पोरांसाठी ठेवलं होतं म्हणे. पुढचा तासभर मी फुटपाथवर बसून कुलूप बघितलं. रोज हातात असलेली वस्तू मी आतून कधीच पाहिली नव्हती.

कुलपात मुळात तीनच गोष्टी असतात. दार अडवणारा दांडा, त्या दांड्याला हलू न देणारं काहीतरी, आणि ते काहीतरी बाजूला करणारी चाबी. सगळी कारागिरी मधल्या गोष्टीत आहे.

काकांचं कुलूप पिनांचं. आपल्या फ्लॅटच्या दाराला असतं तसंच. बाहेर एक स्थिर घर, त्यात फिरणारा एक गोल दांडा, आणि चाबी जाते ती या दांड्यात. दोन्हींना आरपार पाच भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांना दाबणारी स्प्रिंग. चाबी नसते तेव्हा वरची पिन अर्धी घरात, अर्धी दांड्यात अशी अडकून बसते, म्हणून दांडा फिरत नाही. चाबी आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक जोडीला वेगवेगळ्या उंचीवर उचलतात. चाबी बरोबर असेल तर पाचही जोड्यांमधली फट नेमकी घराच्या आणि दांड्याच्या सीमेवर येते. मग दांड्याला अडवणारं काही उरत नाही, आणि तो फिरतो. चाबी थोडी जरी चुकली तरी एखादी पिन वर किंवा खाली राहते आणि तेवढी एक पुरते.

हे तत्त्व फार जुनं आहे. प्राचीन इजिप्तमध्ये पडत्या खिट्ट्यांची लाकडी कुलपं होती. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्यानं ते पितळेत आणलं आणि त्याला चपटी, खिशात मावणारी चाबी दिली. आज तुमच्या खिशात असलेली चाबी बहुधा तीच आहे.

मी तिथेच फोनवर गुणाकार केला. पाच पिना, प्रत्येकीच्या समजा सहा उंच्या, म्हणजे 7,776 वेगवेगळ्या चाब्या. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांवर होती. प्रत्येकाला असं एकेक कुलूप वाटलं, तर माझ्या चाबीनं उघडणारी तीनशेच्या आसपास कुलपं याच शहरात निघतील. चाबीवाले काका हसले. "निंगतातच. पन कोन कोनाच्या दाराले जाऊन लावून पाहते?"

बाबांचं कुलूप लिव्हरचं. अंगावर '7 लिव्हर' असं कोरलेलं, हातात घेतलं की वजन कळणारं. त्यात पिना नसतात. पितळेच्या सात पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीत एक खाच असते. दांड्याला एक खुंटी असते. चाबीनं सातही पट्ट्या अशा उचलायच्या की सगळ्या खाचा एका रांगेत येतील. तेव्हाच खुंटी त्यातून सरकते. त्यातली खुबी अशी की पट्टी कमी उचलली तरी अडते आणि जास्त उचलली तरी अडते. 1778 मध्ये रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजानं हे शोधलं. त्याआधी पट्टी नुसती पुरेशी वर ढकलली की काम व्हायचं. बॅरननं 'पुरेसं'च्या जागी 'नेमकं' आणलं.

यावरची पुढची गोष्ट मी नंतर रात्री वाचली. 1818 मध्ये जेरेमाया चब यानं असं लिव्हरचं कुलूप केलं की चुकीच्या चाबीनं एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली, तर ते जाम होऊन बसायचं. मग मालकाचीही चाबी चालायची नाही. कुणीतरी हात लावून गेलंय हे मालकाला त्यावरूनच कळायचं. नंतरच्या सुधारणेत मालकानं आपलीच चाबी एकदा उलट फिरवली की ते पूर्ववत व्हायचं. हे वाचताना मला तेरावा आठवला. कुणीतरी काहीतरी प्रमाणाबाहेर उचललं होतं, आणि तेव्हापासून रोजच्या चाब्याही चालेनाशा झाल्या होत्या. दिवाळीचा फोन, राखी, कुणाच्या आजारपणाची चौकशी.

आपल्याकडचा कुलपांचा मोठा कारखानाही भांडकुदळ माणसाचाच म्हणायचा. वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईच्या लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. आमच्या आजीसाठी तर कपाट आणि कुलूप या दोन्ही वस्तूंचं नावच गोदरेज होतं, मग ती कुणीही बनवलेली असोत.

तिसरा फोटो पाहून चाबीवाले काका जरा थांबले. "हे कोनाचं?"

"आत्याचं."

"हे कुलूप नाही, ताई. हे नुसतं नावाले हाय."

आत्याचं कुलूप आजीचंच होतं. तिच्या लोखंडी पेटीचं जुनं पितळी. त्याच्या आत पिना नाहीत, लिव्हर नाहीत. नुसते जागच्या जागी ठोकलेले पत्र्याचे अडथळे. चाबीला अशा खाचा असतात की ती त्यांना न धडकता फिरते. म्हणजे हे कुलूप फक्त एवढंच बघतं की चाबी कुठे अडत तर नाही ना. ज्या चाबीत अडण्यासारखं काही ठेवलंच नाही, अशी बारीक काडीसुद्धा त्यात फिरते. चाबीवाले काका म्हणाले, वाकवलेल्या तारेनं उघडेल.

आत्यानं हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. ती अमरावतीहून आली, दारावर दोन भावांची दोन भक्कम कुलपं पाहिली, आणि माळ्यावर, पिशवीत, कुठेतरी आईची आठवण म्हणून नेलेलं जे होतं ते लावून गेली. तिला कुणाला अडवायचं नव्हतं. तिला एवढंच सांगायचं होतं की मीही आहे.

निघताना मी विचारलं, "पण चाबी नसताना तुम्ही उघडता कसं?"

त्यांनी तंत्र सांगितलं नाही, तत्त्व सांगितलं. कुलूप कितीही चांगलं असलं तरी माणसानं बनवलेलं असतं. पाचही भोकं एका रेषेत पाडायची म्हटली तरी केसभर इकडेतिकडे होतंच. म्हणून दांड्याला हलका ताण दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत. एकच अडते. तिला सोडवली की दांडा केसभर फिरतो आणि दुसरी अडते. "सगळे अडून बसले असं वाटते. पन तसं नसते. आधी जे अडलं ते शोधायचं. बाकीचे त्याच्या मागं उभे असतात."

हे तत्त्व घेऊन मी घरी आले. मनात मी काकांकडे बोट दाखवलं होतं. फोन बंद ठेवणारे तेच. आईला विचारलं, "पहिलं कुलूप कुणाचं?"

आईनं भाजी चिरायची थांबवली. "तुझ्या बाबांचं."

"काकांचं नाही?"

"त्यांचं चार महिन्यांनी. आजी गेल्यावर घर उघडं कसं ठेवायचं, म्हणून बाबांनी नवीन कुलूप आणलं होतं ना. सात लिव्हरचं. सुरक्षा म्हणून."

"चाब्या किती होत्या?"

ती काही बोलली नाही. कपाटाच्या खणात, जिथे आमच्या घराची कागदपत्रं असतात, तिथे रबरबँडमध्ये बांधलेल्या दोन चाब्या होत्या. तिसरी बाबांच्या जुडग्यात. पाकिटात तीन चाब्या आल्या होत्या, भावंडंही तीन होती, आणि तिन्ही चाब्या आमच्याकडे होत्या.

काका मधे एकदा महालात गेले होते, आजीचा चष्मा आणि पासबुक आणायला. दार बंद होतं. त्यांनी चाबी मागितली नाही. बाबांनी दिली नाही. माझ्या बाबांना मी चांगलं ओळखते. त्यांच्या मनात घर बळकावणं नव्हतं. मोठा मुलगा म्हणून जबाबदारी घ्यायची असते, आणि जबाबदारी म्हणजे चाब्या आपल्याजवळ, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतला हेतू दिसत नाही. त्याला कुलूप दिसतं.

मी त्या दोन चाब्या जेवताना बाबांच्या ताटाजवळ ठेवल्या. काही भाषण केलं नाही. ते बराच वेळ जेवत राहिले. हात धुवून आल्यावर म्हणाले, "मी द्यायचंच म्हणत होतो." मग थोड्या वेळानं, "राहून गेलं."

दोन दिवसांनी ते एकटेच स्कूटरवर मनीषनगरला काकांकडे गेले. काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आल्यावर फक्त म्हणाले, "रविवारी येतो म्हणाला." आत्याला मी फोन केला. ती म्हणाली, "माझ्या कुलपाची चाबी कशाला पाहिजे? दोनदा हिसका दे, निघते ते." एवढं बोलून ती रडायला लागली आणि रविवारी सकाळच्या गाडीनं आली.

त्या रविवारी तिन्ही कुलपं निघाली आणि दार उघडलं नाही.

नागपुरात राहणाऱ्यांना हे ठाऊक असतं. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं, दाराच्या फटीतून बोट जातं. पावसाळ्यात तेच लाकूड हवेतलं पाणी पितं आणि आडव्या अंगानं फुगतं. आमच्या दारानं तर महिनाभर आतूनही ओल प्यायली होती. ते चौकटीत घट्ट रुतून बसलं होतं. बाबांनी ढकललं. काकांनी ढकललं. मग काका म्हणाले, "दादा, तू वर लाव खांदा, मी खाली लावतो." दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून 'दादा' पहिल्यांदा ऐकलं. तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं.

आत जे होतं ते सांगायला मला आवडत नाही. गाद्या काळ्या पडल्या होत्या. शिलाई मशीनला गंज. आजीचा फोटोंचा अल्बम एक वीट झाला होता. एक फोटो सोडवायला गेलं की दुसऱ्यातला चेहरा त्याला चिकटून यायचा. आत्या ते ओट्यावर घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत वाटीभर पाणी आणि बोटांनी एकेक वेगळा करत राहिली. बत्तीस फोटोंपैकी अकरा वाचले. त्या सकाळी बाबांना आत जाता आलं असतं, तर बहुतेक सगळे वाचले असते. हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

जाताना प्रश्न पुन्हा तोच. कुलूप कुणी लावायचं?

उत्तर मला चाबीवाल्या काकांनीच दिलं होतं, उठता उठता. दाराच्या दोन कड्यांमधून एक साखळी घ्यायची. साखळीची दोन टोकं एका कुलपानं जोडायची नाहीत. टोकांच्या मधे तिन्ही कुलपं एकमेकांत अडकवायची, पहिल्याच्या कडीत दुसरं, दुसऱ्याच्या कडीत तिसरं. आता कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. आधी आमच्या दाराला तिन्ही चाब्या लागत होत्या, बँकेच्या लॉकरला बँकेची आणि आपली अशा दोन लागतात तशा. आता तिन्हींपैकी कुठलीही एक पुरते. कुलपं तीच, चाब्या त्याच. फक्त मांडणी बदलली. ज्या फाटकातून अनेकांची वाट जाते तिथे जगभर असंच करतात.

इतकं सोपं होतं की काका दोनदा उघडबंद करून बघत राहिले.

पण या रचनेत एक भोक आहे, आणि ते मला पुण्याच्या गाडीत बसल्यावर दिसलं. आपलं कुलूप उघडणारा माणूस परत लावताना दुसऱ्या एखाद्याचं कुलूप सहज वगळू शकतो. साखळी बाहेरून तशीच दिसेल. वगळलेलं कुलूप नुसतं लोंबत राहील, आणि त्या माणसाची चाबी काहीच उघडणार नाही. हे थांबवायला त्या पितळ-पोलादात काहीही नाही. सात लिव्हर नाहीत, पाच पिना नाहीत. जाणारा माणूस मागे येणाऱ्याची आठवण ठेवेल, एवढाच आधार आहे.

वाटणी अजून झालेली नाही. विकायचं की ठेवायचं, यावर बाबा आणि काका अजूनही वेगवेगळं बोलतात, आणि फोनवर थोडकंच बोलतात. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पण मधल्या खोलीवरचे कवेलू काकांनी बदलून घेतले, ते आम्हांला शेजारच्या काकूंकडून कळलं. आत्या आली की अंगण झाडून जाते.

मी नागपूरला आले की एकदा महालात चक्कर मारते. गांधीगेटमधून आत शिरते. या जुन्या वेशीतून आता दिवसरात्र ऑटो आणि ई-रिक्षा जातात आणि कुणी कुणाला अडवत नाही. घरापाशी पोचल्यावर मी लगेच दार उघडत नाही. आधी साखळी हातात घेऊन बोटानं एकेक कडी चाचपते. बाबांचं, काकांचं, आणि मधे आजीचं जुनं पितळी. तिन्ही एकमेकांत आहेत की नाही, तेवढं बघते.

आजवर तरी आहेत.